वाचकांचे प्रश्न : आमदारकी एकाच घरात का राहते?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या मतदारसंघात वडिलांनंतर मुलगा निवडून आला आणि आता तिसरी पिढी उभी राहण्याच्या तयारीत आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर मी मुलांना सांगतो की, १९४८ साली या दिवशी आपल्या भागातील वंशपरंपरेने चालणारी राजवट संपली. ज्यांच्या आजोबांनी निजामाविरुद्ध लढा दिला, तीच माणसे आज घराण्यांना मते देतात. आपल्या लोकांच्या वृत्तीतच लाचारी आहे, असे समजायचे का?
(एक शिक्षक, गावाचे नाव छापू नये, अशी विनंती)

उत्तर : ‘लाचारी’ हा शब्द आपण मागे घ्यावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे. त्या शब्दामुळे आपण उत्तर मतदाराच्या मनात शोधत बसतो आणि ज्या व्यवस्थेत तो मतदार रोज वावरतो, तिच्याकडे आपले लक्षच जात नाही.

मराठवाड्यातील मतदार लाचार असता, तर त्याने मोठमोठ्या नेत्यांना घरी बसवले नसते. १९९५ मध्ये लातूरकरांनी विलासराव देशमुखांना पराभूत केले. २०१९ मध्ये नांदेडने अशोक चव्हाणांना लोकसभेत जाऊ दिले नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर २०१४ च्या पोटनिवडणुकीत ज्या बीड मतदारसंघाने त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे यांना जवळजवळ सात लाखांचे मताधिक्य दिले, त्याच मतदारसंघाने २०२४ मध्ये प्रीतम यांच्या भगिनी पंकजा मुंडे यांना सुमारे साडेसहा हजार मतांनी हरवले. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये विलासरावांचे चिरंजीव धीरज देशमुख निवडून आले तेव्हा दुसऱ्या क्रमांकाची मते ‘नोटा’ला, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नको’ या पर्यायाला, पडली होती, आणि समोर लढणारा उमेदवार मिळाल्यावर २०२४ मध्ये त्याच मतदारसंघात त्यांचा पराभव झाला. मतदाराला नाही म्हणता येते आणि तो तसे म्हणतोही.

मात्र या प्रत्येक पराभवानंतर काय झाले, ते पाहिले पाहिजे. विलासराव १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. अशोक चव्हाण लोकसभेत पडले, त्याच वर्षी भोकरमधून विधानसभेत गेले. पंकजाताई ज्या वर्षी हरल्या, त्याच वर्षी विधान परिषदेवर गेल्या आणि मंत्री झाल्या. याउलट एखादा शिक्षक, वकील किंवा चळवळीतला कार्यकर्ता स्वतःच्या बळावर उभा राहून पडला, तर पुढची पाच वर्षे तो उसनवारी फेडण्यात घालवतो आणि दुसऱ्यांदा उभे राहण्याचे नाव काढत नाही. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. एखादी निवडणूक कोणीही जिंकू शकतो. घराणे वेगळे ठरते ते हरल्यानंतरही जागेवर राहण्याच्या ताकदीमुळे, आणि ही ताकद मतपेटीच्या बाहेर, दोन निवडणुकांच्या मधल्या काळात तयार होते.

ती कशी तयार होते, हे मी लहानपणी घरात पाहिले आहे. आमचा दोन एकर ऊस होता. कारखान्याकडे नोंद वेळेवर केलेली होती, तरी फेब्रुवारी उलटून गेला तरी तोडणीची टोळी आली नाही. उसाला तुरा आला, पाचट वाळले, विहिरीचे पाणी तळाला गेले. चिटबॉय, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, रोज एकच उत्तर देत असे, ‘पाळी आली नाही.’ आमच्यानंतर नोंद केलेल्यांचा ऊस मात्र आमच्या बांधावरून गाडीत भरून जात होता. शेवटी वडील तालुक्याच्या नेत्यांच्या वाड्यावर गेले. ओसरीत वीस-पंचवीस माणसे बसली होती. कोणाच्या गावचा विजेचा डीपी जळाला होता, कोणाच्या मुलाची बदली अडली होती, कोणाला औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात पेशंट दाखल करायचा होता. एक लिहिणारा माणूस जाड वहीत गाव, नाव आणि काम उतरवून घेत होता. वडिलांना दोन ओळींची चिठ्ठी मिळाली आणि तिसऱ्या दिवशी टोळी आमच्या रानात उतरली. उसाचे वजन तोवर खूप घटले होते. तरीही माझ्या वडिलांनी त्यानंतर मरेपर्यंत त्या घराला मत दिले. ते अत्यंत स्वाभिमानी गृहस्थ होते, कोणापुढे वाकणारे नव्हते. पण घेतलेले फेडायचे असते, ही त्यांची शिकवण होती. जी पाळी त्यांची हक्काची होती, तीच त्यांना उपकार म्हणून मिळाली, हे त्यांच्या लक्षात आले नाही. ते मला पुष्कळ वर्षांनी कळले आणि आजही त्याचे वाईट वाटते.

त्या वहीत शेवटी हजारो नावे जमतात. वडील गेले की वही मुलाकडे येते, आणि तिच्यातील माणसांना त्या घराची वाट आधीच ठाऊक असते. नवा उमेदवार कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्याकडे ती वही नसते आणि चिठ्ठी लिहिली तरी ती चालेल, असा त्या चिठ्ठीचा दबदबाही नसतो.

दुसरा आधार सहकाराचा आणि शिक्षणसंस्थांचा. आपल्याकडे सहकारी साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, बाजार समिती आणि अनुदानित महाविद्यालय यांची सूत्रे अनेक ठिकाणी एकाच घरातून हलतात. या संस्था शेतकऱ्याच्या खऱ्या गरजेतून उभ्या राहिल्या आणि ज्यांनी त्या उभारल्या, त्यांचे कष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांच्या निवडणुकांची रचना पाहा. जिल्हा बँकेत सोसायट्यांच्या गटात मत देतो, तो गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीने (शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेने) ठराव करून पाठवलेला एक प्रतिनिधी. बाजार समितीचे बहुतेक संचालक सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या मतांवर निवडून येतात. विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात तर मतदार काही शेकड्यांत मोजता येतात. जेथे सर्वांना मत आहे तेथे नेता पडू शकतो. जेथे मोजक्या माणसांचे ठराव चालतात तेथे तो सहसा पडत नाही. विधानसभा हातची गेली तरी बँक, बाजार समिती आणि संस्था हातात राहतात, त्यांच्यावर अवलंबून असलेले कर्मचारी, ठेकेदार आणि कार्यकर्ते टिकून राहतात, आणि पाच वर्षांनी तेच यंत्र पुन्हा सुरू होते.

तिसरी बाजू समाजाच्या अस्मितेची आहे आणि तिच्याविषयी बोलताना मला सावध राहावेसे वाटते. जो समाज पिढ्यानपिढ्या सत्तेच्या दारापर्यंत पोहोचला नाही, त्याच्यातून एखादा माणूस दिल्लीपर्यंत जातो, तेव्हा ते घर त्या समाजाला आपले वाटू लागते. नाथ्रा गावच्या शेतकरी घरातून आणि विद्यार्थी चळवळीतून पुढे आलेल्या गोपीनाथ मुंडे यांच्याविषयी ऊसतोड कामगारांच्या मनात जी माया होती, ती बाहेरच्या माणसाला व्यक्तिपूजा वाटेल. कोयता घेऊन सहा-सहा महिने परमुलखात राहणाऱ्या माणसाला ते घर म्हणजे आपली दखल घेणारी एकमेव जागा वाटत होती. अशा घराचा वारस नाकारणे म्हणजे आपली मिळालेली जागा सोडणे, अशी भीती त्यामागे असते.

एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. मराठवाड्यात घराण्याचा पराभव झाला, तरी पुष्कळदा तो घराण्याच्याच दुसऱ्या फांदीकडून होतो. २०१९ मध्ये परळीत पंकजा मुंडे यांना त्यांचे चुलत भाऊ धनंजय मुंडे यांनी हरवले आणि बीडमध्ये जयदत्त क्षीरसागर यांना पुतणे संदीप क्षीरसागर यांनी. निलंग्यात आजोबा शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि नातू संभाजी पाटील निलंगेकर समोरासमोर लढले. पेपरात त्याची भाऊबंदकी म्हणून चर्चा होते. मला त्यात दिसते ते असे की, घराण्याशी लढण्याची साधनेही घराण्यातल्याच माणसाला मिळतात.

प्रश्न : आमच्या भागात ज्या स्त्रिया आमदार-खासदार झाल्या, त्यांतल्या बहुतेक कोणाच्या तरी कन्या, पत्नी किंवा सून आहेत. घराणेशाहीला विरोध केला, तर स्त्रिया राजकारणातून दिसेनाशाच होतील, असे मैत्रिणी म्हणतात. आपले मत काय?
(पदवीची विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : मैत्रिणींच्या म्हणण्यात आजच्या परिस्थितीचे खरे वर्णन आहे. भोकरमधून २०१४ मध्ये अशोक चव्हाणांच्या पत्नी अमिता चव्हाण आणि २०२४ मध्ये त्यांच्या कन्या श्रीजया, कन्नडमधून २०२४ मध्ये रावसाहेब दानवे यांच्या कन्या संजना जाधव, बीडमधून मुंडे भगिनी, ही यादी लांबवता येईल. पक्ष स्त्रीला उमेदवारी देताना सहसा पुरुषाच्या नावाचा आधार शोधतात, आणि ज्या घरात ते नाव आहे तेथील स्त्रीलाच दार उघडते. या स्त्रियांपैकी काही जणींनी स्वतःचे कर्तृत्व सिद्ध केले आहे. वारशाने मिळालेल्या जागेवर बसलेला माणूस अकार्यक्षमच असतो, असे मी कधीही म्हणणार नाही.

तथापि केशरबाई क्षीरसागर यांचे उदाहरण मैत्रिणींना अवश्य सांगा. नवगण राजुरीच्या सरपंचपदापासून त्यांची वाटचाल सुरू झाली. त्या आमदार झाल्या आणि पुढे १९८०, १९८४ आणि १९९१ मध्ये बीडमधून लोकसभेत गेल्या. त्यांचे घराणे नंतर झाले; त्या त्याच्या वारस नव्हत्या, संस्थापक होत्या. आज पंचायत राज संस्थांमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, म्हणजे केशरबाईंनी जेथून सुरुवात केली, त्या पायरीवर मराठवाड्यात हजारो स्त्रिया उभ्या आहेत. त्यांतल्या किती जणींचा शिक्का आणि सही त्यांच्या स्वतःच्या हातात आहे आणि किती जणींच्या खुर्चीवर ‘सरपंचपती’ बसतात, हा खरा प्रश्न आहे. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठेवण्याचे ठरले आहे. ते अमलात येईपर्यंत गावच्या पायरीवरील स्त्रिया तयार झाल्या नाहीत, तर त्या जागा पुन्हा त्याच घरांतील लेकी-सुनांकडे जातील.

प्रश्न : एका घरातील दुसऱ्या व्यक्तीला निवडणूक लढवण्यास कायद्यानेच बंदी का घालू नये? इतर देशांत काय आहे?
(निवृत्त बँक कर्मचारी, नांदेड)

उत्तर : फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेत राजकीय घराण्यांना मनाई करावी असे लिहिले आहे, मात्र ‘घराणे’ म्हणजे काय, हे कायद्याने ठरवायचे होते आणि तो सर्वसाधारण कायदा तेथील संसदेने आजवर केला नाही, कारण तो करणारे सदस्यच मोठ्या प्रमाणात घराण्यांतले आहेत. २०२२ मध्ये त्या देशाने माजी राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या मुलाला राष्ट्राध्यक्ष आणि मावळते राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या मुलीला उपराष्ट्राध्यक्ष निवडले. आपल्याकडेही नातेवाईक असणे हा अपराध ठरवता येणार नाही. पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्या कोणाही पात्र नागरिकाचा विधानसभेला उभे राहण्याचा हक्क तो कोणाचा मुलगा आहे यावर काढून घेतला, तर आपण जन्मावरून माणसाला तोलण्याचीच चूक दुसऱ्या बाजूने करू.

जपानचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. तेथे राजकारणी माणसाला तीन गोष्टी लागतात असे म्हणतात : जिबान म्हणजे बांधलेला मतदारसंघ, कानबान म्हणजे नावाची पाटी आणि काबान म्हणजे पैशाची थैली. मुलाला तिन्ही आयत्या मिळतात. शिंजो आबे हे माजी पंतप्रधान नोबुसुके किशी यांचे नातू होते. म्हणजे श्रीमंत, सुशिक्षित आणि शिस्तशीर देशातही हे चालते. आपल्या मागासलेपणावर सगळा दोष टाकून सुटका होत नाही. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांनी तेथील संसदेच्या जुन्या नोंदी तपासल्या. जे सदस्य थोड्या मतांनी पुन्हा निवडून आले, त्यांचे नातेवाईक पुढे संसदेत येण्याची शक्यता थोड्या मतांनी पडलेल्यांपेक्षा अधिक आढळली. दोन्ही गटांतील माणसांच्या गुणवत्तेत फारसा फरक असण्याचे कारण नाही. फरक होता तो सत्तेत मिळालेल्या अधिक वर्षांचा.

भारतात राज्यशास्त्रज्ञ कांचन चंद्रा यांनी २००४, २००९ आणि २०१४ च्या लोकसभांचा अभ्यास केला, तेव्हा घराण्यांतून आलेल्या खासदारांचे प्रमाण साधारण २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान दिसले. याचे एक मोठे कारण पक्षांत आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार पक्षाची नोंदणी होते, पण उमेदवार पक्षाच्या सदस्यांनी मतदान करून निवडावा, असे बंधन नाही. उमेदवारी मुंबईत किंवा दिल्लीत चार-पाच माणसे ठरवतात, आणि त्यांच्यासमोर एकच कसोटी असते : निवडून येण्याची क्षमता. ज्याच्याकडे यंत्रणा, पैसा आणि नाव आधीच आहे, त्याला पक्षाने काही द्यावे लागत नाही. उद्धवराव पाटील, केशवराव धोंडगे यांच्यासारखी माणसे कोणाच्याही वारशाशिवाय वर आली, ती शेतकरी कामगार पक्षाची चळवळ आणि संघटना गावोगाव जिवंत होती म्हणून. आता बहुतेक पक्षांची तालुक्यातील शाखा म्हणजे एखाद्या नेत्याचे संपर्क कार्यालय असते. त्यामुळे नेता पक्ष बदलतो, तेव्हा शाखाही उठून त्याच्याबरोबर जाते. भोकरमध्ये २०१९ ला वडील अशोक चव्हाण काँग्रेसकडून आणि २०२४ ला कन्या श्रीजया भाजपकडून निवडून आल्या. चिन्ह बदलले, घर तेच राहिले.

म्हणून उमेदवारावर बंदी घालण्यापेक्षा पक्षांवर अंतर्गत निवडणुकीचे बंधन आणि एकाच व्यक्तीने किंवा कुटुंबाने एकाच वेळी बँक, कारखाना आणि बाजार समिती यांची प्रमुख पदे धरून ठेवण्यावर मर्यादा, हे दोन उपाय मला अधिक न्याय्य वाटतात.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे, वय ३१. घरात कोणी राजकारणात नव्हते. जिल्हा परिषदेला उभे राहावे असे वाटते, पण सगळे म्हणतात, आपल्यासारख्याचे ते काम नाही. तुमचा सल्ला काय?
(एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : उभे राहा. आजच्या प्रत्येक मोठ्या घराण्यात एक पहिला माणूस होता, ज्याच्या मागे काही नव्हते. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, अशोक चव्हाणांचे वडील शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते. त्यांच्या काळात खालून वर जाण्याची शिडी शाबूत होती. महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या आणि २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद होऊनही त्या पुढे पुढे ढकलल्या गेल्या. २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि वर्षानुवर्षे तेथे प्रशासक बसले. ज्या तरुणाला त्या काळात सदस्य होऊन काम दाखवायचे होते, त्याची उमेदीची वर्षे वाया गेली. नेत्याच्या मुलाचे त्यात काहीच बिघडले नाही. निवडणूक वेळेवर न होणे हा तुमच्यासारख्यांवरचा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध मराठवाड्यात जेवढा आवाज उठायला हवा होता, तेवढा उठला नाही, याची मला खंत वाटते.

दोन गोष्टी आजपासून करता येतील. पहिली म्हणजे गावच्या सोसायटीचे सभासद आहात का, ते पाहा. नसाल तर अर्ज करा, आणि तुमच्या वयाच्या शेतकऱ्यांनाही करायला लावा. कित्येक गावांत मृत सभासदांची नावे वारसांकडे न आल्याने पाच-पन्नास माणसेच सोसायटी चालवतात आणि त्यांचाच ठराव जिल्ह्याला जातो. दुसरी म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. त्यानुसार कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, ती देणारा अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचे, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, फेरफाराची नोंद, यांसाठी गावातला माणूस वाड्यावर जातो. बाजाराच्या दिवशी झाडाखाली टेबल टाकून त्याला अर्ज लिहून द्या, पोच घ्या, मुदत टळली की अपील टाका. मी माझ्या वडिलांसाठी हे करू शकलो नाही, कारण त्या काळी असा कायदा नव्हता आणि आम्हाला रीतही ठाऊक नव्हती.

शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. जमीन विकून किंवा गहाण टाकून निवडणूक लढवू नका. झेपेल तेवढा खर्च ठरवा, तो वर्गणीतून उभा करा आणि हिशेब ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. पहिल्या वेळी कदाचित तुम्ही हराल. निकालानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी तुम्ही त्याच झाडाखाली, त्याच टेबलावर अर्ज लिहायला बसणार आहात, हे प्रचाराच्या पहिल्या सभेतच लोकांना सांगून टाका.